ग्रॅहमचं ट्यूडर घर आणि आमच्या घरचे फितूर

६ मार्च २०१६, रविवार
न्यूझीलंडमध्ये, जॉन्सनव्हिलला लेकीकडे येऊन तीन आठवडे. इथली घरं म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. आज मात्र गल्लीच्या टोकाला खरं घर सापडलं! पांढऱ्या भिंतींवर काळेभोर वासे. उभे, आडवे, तिरपे. जुनं इंग्लिश ट्यूडर काम. सगळा भार लाकडी सांगाड्यावर, सांध्यांत लाकडी खुंट्या, खिळा एकही नाही. बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्याची नजर आहे ही. बायको, दमयंती म्हणाली, चष्मा घरीच विसरला होतात.

९ मार्च
मालक ग्रॅहम. वय अठ्ठ्याहत्तर, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. त्याच्या भिंतीवर फोटो: हुबेहूब हेच घर, खाली १५९०. फोटोबद्दल तो बराच वेळ बोलला. उच्चार भयंकर. ‘इंग्लंड’ आणि ‘डॅड’ एवढं कळलं. म्हणजे वडिलांनी घर सुटं करून बोटीने आणलं. ओरिजिनल? विचारलं. हसला. म्हणजे होच.

१५ मार्च
रोज चारला ग्रॅहमकडे चहा. या देशात माझं पूर्ण ऐकून घेणारा एकच माणूस. मराठी मंडळाला या घराची टूर द्यायची ठरवली. ग्रॅहम ‘स्वीट ॲज’ म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. जावई प्रसाद म्हणाला, बाबा, आधी कौन्सिलमधली त्या घराची फाइल बघू या का? म्हटलं, आयुष्यभर फाइली लिहिल्यात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास नाही. तो फोनकडे वळला. पटलं असावं.

२ एप्रिल, शनिवार. दुपारी ३
चोवीस माणसं. मी रंगात. म्हणालो, सव्वाचारशे वर्षांत हा वासा हललेला नाही, आणि हलवून दाखवला. हातात आला. वासा नव्हे, इंचभर जाडीची फळी. मागे आठ खिळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना प्रात्यक्षिक वाटलं.
ग्रॅहमने सावकाश खुलासा केला. या वेळी मलाही कळला. घर १९३६चं. डॅडला फोटोतलं घर आवडलं, म्हणून त्यांनी वरून फळ्या ठोकल्या. खरा लाकडी सांगाडा प्लास्टरच्या मागे. तसा तर इथल्या बहुतेक घरांना असतो, तुझ्या मुलीच्याही, म्हणाला.

३ एप्रिल
सगळ्यांना ठाऊक होतं! प्रसादने फाइल गुपचूप पाहिली होती. दमयंतीला तर ग्रॅहमने पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. माझ्यापासून का लपवलंत, विचारलं. लेक कांचन म्हणाली, बाबा, इथे आल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही जेवताना हसत होतात.
हे काय उत्तर झालं? पोटची पोर फितूर.
ठराव: घरात कोणाशी बोलायचं नाही. ग्रॅहमशी तर जन्मात नाही.

५ एप्रिल. दुपारी ४
चहा एकट्याने घेतला. दमयंती ग्रॅहमकडे गेली. तिला त्याचं इंग्रजी समजतं म्हणे.

९ एप्रिल
ग्रॅहम दारात. गुडघ्यामुळे शिडी चढवत नाही, फळी बसवायला येतोस का? स्पष्ट सांगितलं, तू मला फसवलंस. तो म्हणाला, मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, तू येस येस म्हणत मान हलवत होतास.
हलवत होतो खरा.
गेलो. केवळ तांत्रिक देखरेखीसाठी. शेवटी शिडीवर मीच चढलो, फळी मीच ठोकली. खाली उतरून रस्त्यावरून पाहिली. चांगलीच वाकडी.
दमयंती म्हणाली, आता कुठे घर जुनं वाटतंय.