डब्यांचा मंगळवार

थॉर्नबेक, यॉर्कशायर

ती. स्व. एडिथताईस,

म्यूरिएलचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.) तुझ्या कमरेचं आणि त्या माजोरड्या मांजराचं कसं काय? इकडे थंडी, पाऊस आणि मी, तिघंही जोरात आहोत. कारण ताई, मी जिंकले. क्लाइव्ह ऑग्डनला सगळ्यांदेखत चारी मुंड्या चीत केलं.

क्लाइव्ह म्हणजे आमच्या वाचनालयाच्या मंडळातला तो निवृत्त पोलीस सार्जंट. आमचा रिवाज असा, की पोलिसी कादंबरी शेवटचं प्रकरण सोडून वाचायची, खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून चहाच्या किटलीत टाकायचं, आणि मग ग्रंथपाल पिकल्सबाई ते प्रकरण मोठ्यानं वाचणार. ज्याचं नाव बरोबर, त्यानं पुढचं पुस्तक निवडायचं. दर वेळी जिंकतो क्लाइव्ह आणि निवडतो पुन्हा प्रेतंच. मला कित्येक वर्षं एक प्रेमकथा वाचायची आहे गं, जिच्यात माणसं निदान लग्नापर्यंत तरी जगतात.

या खेपेच्या पुस्तकाबद्दल मतं नेहमीचीच. पिकल्सबाईंना इन्स्पेक्टरची काळजी, कारण तो अख्ख्या पुस्तकात एकदाही धड जेवत नाही. मी म्हटलं, इन्स्पेक्टर झाला की बायकोनं सोडून गेलंच पाहिजे असा सरकारी नियम आहे का? (क्लाइव्हची खरोखरच गेली आहे, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. तो बराच वेळ बिस्किटाकडे बघत बसला.) मग स्वतःला सावरून त्यानं नेहमीचं प्रवचन सुरू केलं: खून पुतण्यानं केला, वारसा त्यालाच मिळणार, पोलिसांना असलं सगळं वासावरून कळतं वगैरे.

मी लिहिलं होतं चर्चमधल्या ऑर्गनवाल्याचं नाव. का, तर तो जबानीत सांगतो, मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला गेलो आणि किंकाळी ऐकली. अगं, पण आदल्या दिवशी सोमवारची सुट्टी! त्या सुट्टीचीच गावची जत्रा दुसऱ्या प्रकरणात भरली आहे. सोमवारी सुट्टी असली की कचऱ्याची गाडी एक दिवस उशिरा येते, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. आमच्या गल्लीत मागे एका बाईनं सुट्टीच्या आठवड्यात चुकून मंगळवारी डबे काढले, तर तिच्याशी लोक अजून जपून बोलतात. मग हा माणूस मंगळवारी बाहेर काय करत होता, असं मी सगळ्यांना विचारलंही.

“म्यूरिएलबाई,” क्लाइव्ह हसत म्हणाला, “कोर्टात पुरावा लागतो, कचरा नाही.” सगळे हसले. माझे कान तापले, पण मी चिठ्ठी बदलली नाही. पिकल्सबाई वाचायला लागल्या, आणि बेड्या पडल्या कोणाला? ऑर्गनवाल्याला! ताई, मी खुर्चीवरून उठले ती गुडघ्यांना न विचारताच. पुढचं पुस्तक मी निवडलं: समुद्रकाठची प्रेमकथा, मुखपृष्ठावर छत्री. क्लाइव्हनं ती दोन बोटांत धरून घरी नेली. त्याचा तो चेहरा मी जन्मभर पुरवून पुरवून आठवणार आहे.

तुझी विजयी धाकटी,
म्यूरिएल

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? इन्स्पेक्टरनं ऑर्गनवाल्याला पकडलं ते त्याच्या फोनच्या नोंदींवरून. डब्यांचा शेवटच्या प्रकरणात उल्लेखसुद्धा नाही. लेखकच सुट्टी विसरला असावा, असं क्लाइव्हचं म्हणणं. पण पिकल्सबाईंनी निकाल दिला, नाव बरोबर ते बरोबर.

ता. क. दुसरा. प्रेमकथा अर्धी झाली. दोघं अजून समुद्राकडेच बघताहेत आणि मरत कोणीही नाही. तुझ्याकडच्या दुकानात आपल्या इन्स्पेक्टरचं पुढचं पुस्तक आलं असेल तर धाड, पुडक्यावर ‘लोकर’ असं लिहून, म्हणजे मंडळात कोणाला पत्ता लागणार नाही. दोन प्रती धाड. क्लाइव्ह काल हळूच विचारत होता, नायिकेचा काका तरी मरेल का हो? मला त्याची दयाच आली. शुक्रवारी चहाला बोलावलंय त्याला. शेवटचं प्रकरण मात्र दोन्ही प्रतींत दोऱ्यानं घट्ट बांधून धाड. त्याच्यावर माझा विश्वास आहे, माझ्यावर नाही.