मायची घागर

अहमदपूर, रविवार, १३ मे १९८४

आज मायला नको ते बोललो. टँकर चौथ्या दिवशी येतो, म्हणून पिंपावर खडूने रेघा मारून मी घरातले पाणी पुरवतो. दुपारी चुलीमागे फडक्याने झाकलेली भरली घागर सापडली. ती सरळ पिंपात ओतली आणि वर शहाणपणाने विचारले, "माय, घरातच चोरी?"

"चोरी कशाची रं? माझ्याच वाटणीचं पाणी हाय. आठ दिस आंघोळीला घेतलं न्हाई. आज डोकं धुऊन घडीभर एकटी बसणार होते."

"दुष्काळात कसली चैन?" असे म्हणालो. खरेच म्हणालो. तिच्या हातात भिजवलेल्या रिठ्यांची वाटी होती. आठ दिवस! मी रेघा मोजत होतो आणि हे दिसले नाही?

संध्याकाळी घागर पुन्हा भरून तिच्याकडे नेली. तिने वर पाहिलेही नाही. त्याच वाटीतल्या रिठ्यांनी ती माझ्या सदऱ्याची कॉलर घासत होती.

"उद्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तुझी मुलाखत हाय न्हवं? मळका दिसू नको."

घागर माझ्या हातातच राहिली.