गेटजवळची पांढरी तुळई

हॅमिल्टन,
गुरुवार

आदरणीय अँब्रोजमामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांची खुशाली वेगवेगळी कळवावी, कारण मागच्या पत्रात उजवा बरा असल्याचं होतं आणि डाव्याबद्दल चकार शब्द नव्हता. मामींना नमस्कार. त्यांनी पाठवलेला मुरंबा पोहोचला. बरणी फुटली होती, पण मुरंबा मोज्यांमध्ये शाबूत होता. माझी तब्येत ठीक आहे. बाकी काय ठीक आहे ते माझं मलाच कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र.

माझा अभ्यास कशावर आहे हे तुम्ही दर ख्रिसमसला विचारता आणि माझं उत्तर संपायच्या आत घोरू लागता, म्हणून थोडक्यात लिहितो. इमारत बांधताना माणसं आणि माल कुठे खोळंबतो, हे मी शोधतो. इथे हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचा पोलादी सांगाडा उभा राहतोय. मी चहूबाजूंना कॅमेरे लावले, प्रत्येक तुळईला चिप चिकटवली आणि कोणती वस्तू उगाच पडून आहे हे सांगणारा प्रोग्राम लिहिला. (तो लिहिताना मी स्वतः किती काळ उगाच पडून होतो, ते विचारू नये.) आपल्यावर कॅमेरा ठेवायला लोखंडकामाच्या टोळीनं लेखी संमती दिली होती. टोळीचे मुकादम म्हणजे तुमचे जुने चेले, रॉडी गुशू. ते मला पंडित म्हणतात. सुरुवातीला मला तो मान वाटला.

तर गेटजवळ एक पांढरी रंगवलेली तुळई बरेच दिवस पडून होती. येता-जाता लोक तिच्यावर नावं लिहीत. माझ्याही हातात कुणी मार्कर दिला. मला वाटलं हजेरी आहे, म्हणून मी आठवडाभर रोज सही केली. (एकानं तर पाठ थोपटली.) सांगाड्याची शेवटची तुळई अशी सगळ्यांच्या सह्या घेऊन, वर ख्रिसमसला आणतात तसलं फरचं झाड बांधून, समारंभानं चढवतात हे तुम्हाला ठाऊक असणारच. जन्मभर तुम्ही तेच केलंत. पण जेवताना तुम्ही कामाचं कधी बोललाच नाहीत, सूप अळणी आहे एवढंच बोलायचात.

गेल्या बुधवारी बर्फात मालाचा ट्रक अडकला आणि क्रेन रिकामी उभी राहिली. प्रोग्राम म्हणाला, पाचव्या मजल्याला हवी तशीच तुळई गेटजवळ आहे, ती चढवा. रॉडीभाऊ दाढ काढायला गेले होते. मी साइट मॅनेजरकडे धावलो. ते सोमवारीच रुजू झालेले, त्यामुळे आम्ही दोघंही फार खूश झालो. टोळीनं विचारलं, "नक्की?" आम्ही म्हटलं, "नक्की." त्यांना वाटलं रॉडीभाऊंचाच हुकूम आहे.

दुपारी रॉडीभाऊ सुजलेला गाल घेऊन परतले. त्यांनी गेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंडिता, तुळई कुठाय?"

"वर!" मी अभिमानानं म्हणालो.

"आणि झाड?"

"कसलं झाड?"

ते गाल धरून तडक निघून गेले. मला वाटलं, दाढेमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी टोळी माझ्या टेबलापुढे उभी. रॉडीभाऊ म्हणाले, "संमती कधीही मागे घेता येते, असं तूच म्हणाला होतास ना रे?"

"हो."

"कारण द्यावं लागत नाही?"

"नाही."

"मग घेतली. आणि कारण देत नाही."

म्हणजे आजवरचं सगळं चित्रण पुसायचं, आणि ते पुसलं की माझी डॉक्टरेटही पुसली गेली. माझ्या प्राध्यापिका थॉर्नबाई म्हणाल्या, नियम अगदी बरोबर पाळलाय त्या लोकांनी. वर हेही म्हणाल्या, की बुधवारचं काम वर्षभरात सर्वांत उत्तम झालं. माझं अभिनंदन झालं की शोकसभा, मला अजून उमगलेलं नाही. संमती परत मिळवायला महिनाअखेरपर्यंत त्यांनी मुदत दिली आहे.

तुळई खाली उतरवता येत नाही, तिच्यावर पुढचा मजला बसलाय. मी हात जोडले तेव्हा कुठे रॉडीभाऊंचं तोंड उघडलं. "मधली जागा अँब्रोजसाठी राखली होती मी. उंचावर चालायला त्यानं शिकवलं मला. शेवटच्या दिवशी बोलावणार होतो. त्या जागेत तू रोज आपलं नाव घुसवत होतास, तरी गप्प बसलो. पण वर धाडलीस?" मग कॉफी संपवून म्हणाले, "म्हाताऱ्याची सही होऊ दे तिच्यावर. मग टोळी तुझ्या कागदावर पुन्हा सही करेल."

तेव्हा मामा, महिना संपायच्या आत या. विमानाचं तिकीट मी काढतो. काम अगदी किरकोळ आहे, एक सही.

आपला गोंधळलेला भाचा,
लिएंडर

ता. क. तुळई पाचव्या मजल्यावर, बाहेरच्या अंगाला आहे. जिना अजून झालेला नाही, नुसत्या उभ्या शिड्या आहेत. म्हणून तुम्हाला पट्ट्यानं बांधून क्रेनच्या पाळण्यातून वर नेतील. पाळण्यात बसणाऱ्या माणसाला तुम्ही बटाट्याचं पोतं म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण खाली कुणी हसणार नाही, तसं सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. माझी खरी विनंती एवढीच, की पाळण्याला नाही म्हणू नका.

आणखी एक ता. क. रॉडीभाऊ आत्ताच बजावून गेले, की पाळण्याचं म्हाताऱ्याला इथे पोहोचेपर्यंत कळू देऊ नकोस, नाहीतर तो घरातून हलायचा नाही. पत्र शाईनं लिहिलंय आणि टपाल निघायला आलंय. तेव्हा वरचा ता. क. कृपया इथे आल्यावर वाचावा.