स्टार्टर, शेंदूर आणि सायखेडा

मखमलाबाद, नाशिक
तुळशीच्या लग्नाआधीचा सोमवार, १९९८

आदरणीय पुंजारामदादा,

तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे लहानूचा, वाकून नमस्कार. वहिनींना नमस्कार आणि नुकताच साखरपुडा झालेल्या निकिताला आशीर्वाद सांगावेत. तुमचा गुडघा काय म्हणतोय? कांद्याचं रोप टिकलं का? इकडे सगळं उत्तम आहे. शेवंती भरून आली आहे, झेंडूही अजून चालू आहे. (चहा मीच करतो. साखरेचा डबा सापडत नाही म्हणून गूळ घालतो आणि दूध रोज फाटतं.) तुमची बहीण मालन साखरपुड्यापासून तुमच्याकडेच आहे. भाऊबीजेला बहीण आयती घरात, त्यामुळे तुमची धावपळ वाचली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण हे पत्र फक्त मोटारीबद्दल आहे.

मोटार तुम्हाला माहीतच आहे. देवळालीच्या एका बंगल्यामागे गवतात पडलेली ती अमेरिकन मोटार मी आणली, तिचं छप्पर कापलं, तिला जीपचं इंजिन बसवलं आणि बसायला इतकी खाली घेतली की बसलेला माणूस थेट झेंडूच्या उंचीला येतो. माणसानं एवढं कशासाठी करावं, असं मालन विचारते. पण सकाळचं धुकं वाफ्यांवर असताना त्या मोटारीत नुसतं बसलं, तरी आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटतं, आणि आमच्यासारख्या बागाईतदाराला, ज्याला पाण्याच्या पाळीपायी मुक्कामाला कुठे जाता येत नाही, ते पुष्कळ असतं. (ती शेजारी बसली की हे वाटणं जरा जास्तच होतं. हे मी तिला कधी बोललो नाही.)

साखरपुड्याच्या दिवशी काय झालं ते तुम्ही तिच्या तोंडून ऐकलं असेलच, आता माझ्याकडूनही ऐका. चांदोरी फाट्यावर मी चहासाठी मोटार थांबवली. परत किल्ली फिरवली तर स्टार्टरनं फक्त ‘टक्’ केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. नवरीची आत्या नवी पैठणी नेसून मोटार ढकलत होती, फाट्यावरची माणसं चहा हातात धरून सल्ले देत होती, आणि मी स्टिअरिंगवर बसून ‘अजून थोडं’ म्हणत होतो. शेवटी ती कांद्याच्या ट्रॅक्टरवर चढून गोण्यांवर बसून तुमच्या दारात आली, तेव्हा निकिताची ओटी भरून झाली होती आणि आत्याचा मान दुसऱ्या कोणीतरी घेतला होता. ट्रॅक्टरवर चढताना ती एवढंच म्हणाली, “तुमची मोटार आन् तुम्ही, दोघं सुखानं नांदा.” दादा, आम्ही दोघं नांदतोय, पण सुखानं नाही.

मोटार बैल लावून घरी आणली. मग मी पंचवटीतल्या जयराम वायरमनला बोलावलं. बॅटरी भरलेली होती. स्टार्टर काढून खाली जमिनीवर सरळ बॅटरीला जोडला, तर असा गरगरला की जयरामच्या हातातून सुटता सुटता राहिला. परत मोटारीत बसवला की टक्. मग किल्लीची वायर बदलली, सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या डोक्यावरचा तो डबा बदलला. टक्. मी दुपारभर मडगार्डवर बसून बघत राहिलो. मधमाश्या शेवंतीवरून उठून मोटारीच्या बत्तीवर बसत होत्या. वीज कुठून निघते, कुठे जाते, अंधाऱ्या तारेतून चालताना तिला काय वाटत असेल, असले विचार मनात येत होते. डोळा लागला तेव्हाही स्वप्नात लाल-काळ्या तारांचे वाफे होते आणि मी त्यांना पाणी देत होतो.

मला जागं केलं ते जयरामच्या ओरडण्यानं. किल्ली फिरवताना त्याचा हात अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला लागला होता आणि केबल चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. त्यानं हात झटकला, जरा विचार केला आणि म्हणाला, “मामा, करंट जातोय बराबर, पन त्याला माघारी यायला वाट नाय. म्हनून त्यो या बारीक केबलीतून वाट काढून ऱ्हायला.” दादा, घरातून निघालेलं माणूस परत येऊ शकत नाही, आणि वाट मीच बंद केली आहे, असं मला कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. (जयराम मोटारीबद्दलच बोलत होता. त्याचं लग्न अजून व्हायचंय.)

वाट खरंच मीच बंद केली होती. इंजिनातून करंट माघारी नेणारी जाड काळी तार जिथे चेसिसला नटानं आवळलेली असते, ती जागा मला मोटारीच्या बेंबीसारखी वाटते. दसऱ्याला सगळे गाडीला हळदीकुंकू वाहतात आणि झेंडूचा हार घालतात. मी तो नट सोडवून त्या जागेला तेलात कालवलेला शेंदूर चोपडला. तो वाळल्यावर पुसला जाऊ नये म्हणून वरून लाल ऑइलपेंट दिला आणि त्यावर तार पुन्हा आवळली. भक्तीच्या या थरातून करंट कसा जाणार? साखरपुड्यापर्यंत मोटार कशी चालली याचंच जयरामला नवल वाटलं. आम्ही पॉलिश पेपरनं ती जागा पांढरी चकचकीत होईपर्यंत घासली, तार बसवली आणि किल्ली फिरवली.

मोटार सुरू झाली, दादा! पहिल्या फटक्यात लागली. वाफ्यातला झेंडू थरथरायला लागला. जयराम गेल्यावर मी कितीतरी वेळ इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. मनातल्या मनात गोदावरीच्या काठाकाठानं पार तुमच्यापर्यंत येऊन परतही आलो. पण शेजारून ‘हळू, हळू’ असं कोणी म्हणेना, त्यामुळे मोटार चालल्यासारखी वाटेना. मला करमत नाही. हे कंसात घालायचं होतं, राहून गेलं.

वहिनींच्या हातच्या भाकरीची आठवण काढणारा,
तुमचा
लहानू

ता. क. : रविवारी सकाळी मोटार घेऊन सायखेड्याला येतोय. निकितासाठी शेवंतीची पाटी आणि पेरू आणतो. मालनला सांगा, मोटार दुरुस्त झाली आहे.

पुन्हा ता. क. : ‘दुरुस्त’ म्हणजे इंजिन गार असताना. काल त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला थोडी फिरवून आणली आणि बंद केली, तर तापलेला स्टार्टर परत टक् करू लागला. पूर्ण गार झाल्यावर किल्ली फिरवताच सुरू झाली. जयराम म्हणतो, हे दुखणं वेगळं आहे.

शेवटचा ता. क. : म्हणून एक विनंती. मालनला पिशवी घेऊन गावाच्या पुलाजवळ उभी राहायला सांगा. मी मोटार बंद करणार नाही, ती चढली की तसाच माघारी वळवीन. आणि ती तिथे उभी नसली, तर तुमच्या दारात येऊन मोटार बंद करीन. मग ती काही लवकर सुरू होणार नाही, तेव्हा ओसरीत माझंही अंथरूण घालून ठेवा.