फाशी सोडली ती कशासाठी

स्पोकेन, ४ मार्च १९९८

ती. व्हर्नावहिनीस, मॅक्सीनचा सा. न. वि. वि.

आपल्या जोलीनला आणि आणखी सहा पोरींना मारणाऱ्या त्या मेल्याची फाशी टळायला तुम्ही हो म्हणालात? गुन्हा कबूल करायचा, पुरलेल्या जागा दाखवायच्या आणि जन्मभर तुरुंगात आयतं गिळायचं, हा कसला सौदा! दादा असता तर त्याने सरकारी वकिलाला दारातही उभं केलं नसतं. रागावले आहे, तरी लोभ तसाच आहे, तुमचाही असू द्यावा.

तुमची नणंद,
मॅक्सीन

केलर क्रीक, १९ जून

चि. मॅक्सीन हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिव्या पोचल्या. मला माझी पोर हवी होती, म्हणून हो म्हणाले. दफनभूमीत तुझ्या दादाशेजारची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, तुला ठाऊक आहे.

शेरीफची माणसं त्याला बेड्या घालून डोंगरात न्यायची आणि खुशीत राहावा म्हणून वाटेत पॅनकेक चारायची. त्याची चैन झाली. आज इथे खणा, उद्या तिथे खणा. जोलीन काही सापडेना. शेवटी मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. म्हटलं, याला सहलीला नेताय काय? उद्यापासून कोरडा पाव, आणि जागा चुकली की सौदा मोडला, असं सांगा त्याला. आठवड्याच्या आत त्याने लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याकडे बोट दाखवलं. जोलीन मिळाली. शनिवारी तिला तिच्या बापाशेजारी ठेवलं. तू आली नाहीस, ते मला लागलं.

शिक्षेआधी कोर्टात आम्हा आयांना त्याच्यासमोर बोलू देतात. एकीने क्षमा केली, तेव्हा मेला हमसून रडला. माझी पाळी आली तेव्हा मी उठलेच नाही. माझ्याकडे त्याला द्यायला क्षमा नव्हती. प्रकृतीला जप.

तुझी वहिनी,
व्हर्ना

स्पोकेन, २ नोव्हेंबर

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पुरायच्या दिवशी आले नाही, चुकलंच माझं. पण आता बातमी ऐका. त्या मेल्याचं हृदय बिघडलंय आणि तो ऑपरेशन नको म्हणतोय! महिनाभरात आटोपेल म्हणतात. मी केक केलाय. रविवारी या, तुमचा तुकडा ठेवते.

तुमची,
मॅक्सीन

केलर क्रीक, ७ डिसेंबर

चि. मॅक्सीन हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी आले नाही, रुसू नकोस. तुझं पत्र वाचलं आणि जेवणावरून उठले. दिवसभर एकट्याने कोठडीत बसायचं, बोलायला फक्त भिंत, आणि त्यातून हा इतक्यात सुटणार? मी त्याला दोन ओळी लिहिल्या, की जोलीनच्या आईची इच्छा आहे, तू जगावंस. तुरुंगातले पाद्री सांगत होते, पत्र छातीशी धरून रडला आणि ऑपरेशनला तयार झाला. ते छान पार पडलं. आणखी वीस वर्षं सहज काढेल म्हणतात.

काल त्याला दुसरं पत्र टाकलं. लिहिलं, क्षमा केलेली नाही, नुसता जग.

नाताळला ये. तुझ्या हातचा केक तेव्हा खाईन. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी वहिनी,
व्हर्ना