दुसरी क्लॅरिनेट

नाशिक रोड,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

तुला आणि सुवर्णा वहिनींना जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवतोस, मग माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. लाल कांदा निघाला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? इथे थंडी चांगलीच पडलीय. आमच्या रोहिणीचा ओम आता भिंतीला धरून उभा राहतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो.

माझी बातमी अशी, की रिटायर झाल्यावर मी इथल्या एका हौशी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायला लागलोय. तीस-बत्तीस जण आहोत. दोन डॉक्टर, बँकेतला कॅशियर, शाळेतल्या बाई, असा सगळा मेळ. धनराज सर समोर उभे राहून काडी हलवतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं. वाजवतो विलायती, पण चाली सगळ्यांच्या कानावरच्या. टेम्पो मागे घेताना जी धून वाजते ना, ती मुळात केवढी मोठी आणि किती सुंदर आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

बसून वाजवायचं हे आधी जमेना. आपण सगळं चालत वाजवलेलं. त्याहून अवघड म्हणजे गप्प बसणं. कागदावर लिहिलेलं असतं, इथे सोळा मात्रा गप्प, तिथे चोवीस. मी मांडीवर बोटं मोजत बसतो. शेजारी प्रतिभाताई असतात, दातांच्या डॉक्टर. त्या पहिली क्लॅरिनेट, मी दुसरी. मला दुसऱ्या जागेचीच सवय, त्यामुळे ते बरं पडलं.

काल कार्यक्रम झाला. चांगला झाला, फक्त माझ्यापायी एकदा हसं झालं. शेवटच्या रचनेत एक जागा आहे, तिथे सगळेच्या सगळे एकदम थांबतात. चार मात्रा पूर्ण शांतता. पाच महिन्यांच्या तालमीत मी तिथे एकदाही चुकलो नव्हतो. कागदावर लाल पेन्सिलीने मोठं 'गप्प' लिहून ठेवलंय. पण काल प्रतिभाताईंनी तळहाताचा घाम पुसायला वाद्य ओठांवरून खाली घेतलं. ते खाली गेलेलं मला दिसलं, आणि माझं वर गेलं. भरल्या हॉलमध्ये मी एकटाच वाजलो. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

असं का झालं, हे तुला सांगायला नको. वरातीत तुझा दम संपला की तू क्लॅरिनेट खाली करायचास आणि मी मागून सूर उचलायचो. अप्पांनी पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं. "ज्ञाना, दादानं खाली केली की तू उचलायची. बाजा उघडा पडला नाय पायजे." नाचणाऱ्यांना कधी पत्ताही लागला नाही.

नंतर चहा घेताना सरांनी विचारलं, "ज्ञानेश, आजच काय झालं?" दादा, मी शाळेत असताना क्लॅरिनेट शिकलो, असं इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काल मात्र खरं सांगितलं. म्हटलं, देवळ्याला आमचा बँड होता. वडील लहानू मास्तर, पुढे माझा भाऊ हिरामण, मागे मी, त्याने खाली केली की सूर उचलायला. प्रतिभाताई म्हणाल्या, "म्हणजे मला सांभाळायला वाजवलंत?" मग कपात बिस्कीट बुडवत त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही नोकरीला इकडे आलात, मग भावासाठी कोण उचलायचं?"

तीस वर्षांत मी तुला हे कधी विचारलंच नाही.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. रोहिणीच्या लग्नाआधी मी तुला फोनवर म्हणालो होतो, "दादा, या वेळी पाहुणा म्हणून ये. बाजा आणू नको, तुला उगाच दगदग." दगदगीचं खोटं होतं. माझे साहेब येणार होते, सोयरे शिकलेले होते, आणि बँडचा लाल कोट घालून दारात वाजवणारा माझा भाऊ मला त्यांना दाखवायचा नव्हता. तू "बरं" म्हणालास. पांढरा शर्ट घालून आलास, मागच्या रांगेत बसलास, जेवलास आणि चारच्या एसटीने परत गेलास. सख्ख्या पुतणीच्या लग्नात तू रिकाम्या हातांनी बसून होतास आणि मी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. त्याची फार लाज वाटते. माझं चुकलं, दादा.

२१ डिसेंबरला, रविवारी, ओमचा पहिला वाढदिवस आहे. धनराज सर आणि प्रतिभाताई येणार आहेत, माझे ते साहेबही येणार आहेत. वहिनींना घेऊन सकाळीच ये. तुला आता चार पावलं चाललं तरी धाप लागते, असं रोहिणी सांगत होती. लागू दे. लाल कोट घाल, क्लॅरिनेट आण आणि सगळ्यांसमोर दारात उभा राहा. जेवढं होईल तेवढं वाजव. खाली केलीस की मी आहे.

तुझ्या मागे उभा,
ज्ञाना