खोगिराखालचा नमदा

अहमदपूर,
३ एप्रिल १९८७

चि. भीमराव यास ईश्वरप्पा गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे पाणी सोडून सगळं आहे. टँकर तीन दिवसांआड येतो. आमची सौ. गौरम्मा घागर घेऊन रांगेत उभी राहते आणि घरी आली की दुष्काळ जसा काही मीच पाडलाय असं भांडते. शाळेचं मैदान तर विचारूच नकोस. कुदळ मारली तर ठिणगी उडेल. पूर्वी सामन्याआधी दोन टाक्या पाणी शिंपडायचो, आता बादलीभर शिंपडलं तरी गाव दगड घेऊन येईल. भोकरला तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? सौ. भामाबाईंची तब्येत बरी असेल.

चार वर्षांनी तुला माझी आठवण झाली, तीही बुटांसाठी. तुझी विशाखा कबड्डीच्या पंच परीक्षेला बसते आहे हे वाचून आधी हसू आलं आणि मग बरं वाटलं. एकोणीस वर्षांची पोरगी गळ्यात शिट्टी अडकवून मिशीवाल्या गड्यांना बाद ठरवणार, हे बघायला मी मुद्दाम खुर्ची पुढे ओढून बसेन. तू लिहितोस, "माझ्या पायाचं झालं तसं तिचं होऊ नये, सर, म्हणून कोणते बूट घ्यावेत ते कळवावं." कळवतो. या विषयात माझ्याइतका जाणकार तुला दुसरा सापडायचा नाही.

सकाळी माप देऊ नको म्हणावं तिला. दिवसभर उभं राहिलं की पाय फुगतो, पंचाचा तर जास्तच. संध्याकाळी मोजे घालून, उभ्यानं माप द्यायचं. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाहीतर एकदम थांबताना नख बुटाला मारतं, काळं पडतं आणि गळतं. टाच मात्र बुटानं गच्च धरली पाहिजे. लोक बूट घेताना पुढून चिमटून बघतात, मागून कोणी बघत नाही. खेळाडू चढाई करून परत येतो, दम खातो. पंच त्याच्याबरोबर रेषेवरून इकडून तिकडं पळतो, पुढच्या चढाईला पुन्हा पळतो, आणि दिवसाला असे चार-चार सामने. सगळा मार टाचेवर आणि तळव्याच्या कमानीवर. लातूरच्या दुकानातले पांढरे कॅनव्हासचे बूट दिसायला झकास, पण तळ पापडाएवढा. यंदाच्या मैदानावर ते घालणं आणि अनवाणी उभं राहणं सारखंच. टाचेखाली काहीतरी जाड आणि मऊ हवंच.

आणखी एक. नवा बूट सामन्याच्या दिवशी पायात घालायचा नाही. हे तिच्याकडून घोकून घे. पंधरा दिवस घरात, अंगणात, बाजारात घालून फिरायचं, मग मैदान. सामन्याआधी पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे आणि टाचा खाली सोडून पोटऱ्या ताणायच्या. घरी आल्यावर तळव्याखाली बाटली धरून फिरवायची. मोजे सुती, आणि दुपारी बदलायचे. एवढं केलं तर पोरगी साठीपर्यंत शिट्टी मारेल.

बूट निजामोद्दीनकडूनच करून घे. एस.टी. स्टँडमागच्या बोळातलं त्याचं दुकान तुला आठवत असेलच. आता त्याला नीट दिसत नाही, सुईत दोरा त्याची बायको चांदबी ओवून देते, पण हात तोच आहे. याच आठवड्यात माप दिलं तर दहा तारखेपर्यंत जोड मिळेल. परीक्षा सव्वीसला, म्हणजे वापरायला पंधरा दिवस मिळतात.

इथं पत्र संपवून पाकीट चिकटवायचं ठरवलं होतं. पण काल निजामोद्दीनकडं गेलो, भीमरावची मुलगी माप द्यायला येईल म्हणून सांगितलं. म्हातारा खूश झाला आणि लगेच रुसलाही; तू टाकून दिलेला जोड तेव्हा कुणीतरी त्याच्याकडं दुरुस्तीला आणला होता. म्हणाला, "भीमरावसाबानं माझा नमदा काढून का फेकला, सर? चार साल झाले, मला अजून समजून नाही राहिलं. या खेपेला घोंगडीचे तुकडे घालतो, पण शिवूनच टाकतो म्या. कुणाला निघायचाच न्हाई."

कुठला नमदा, हे तुला कळणार नाही. कळू नये अशीच व्यवस्था केलेली होती. पण विशाखा त्याच्यापुढं बसेल, तो तिला तेच विचारेल, ती घरी येऊन तुला विचारेल, आणि मग तू एकेक गोष्ट जुळवत बसशील. तू मंद नाहीस. म्हणून मीच सांगतो.

त्र्याऐंशीचा एप्रिल. आपला लातूर जिल्हा उस्मानाबादपासून सुटून आठ महिने झाले होते. त्याही साली पावसानं पाठ फिरवली होती, मैदान असंच होतं. नव्या जिल्ह्यानं राज्याच्या पंच यादीसाठी एकच नाव पाठवायचं होतं आणि तीन दिवसांच्या स्पर्धेत बाहेरची समिती काम बघून ते ठरवणार होती. एक तर तू, नाहीतर मी. तुला शिट्टी धरायला मी शिकवलं. चाकूरच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून मी चिकटवलं. आणि त्याच हिवाळ्यात उदगीरला दोन्ही संघ म्हणाले होते की फायनलला भीमराव पंच द्या. मी शेजारीच उभा होतो. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं.

तू निजामोद्दीनला बूट करायला सांगितले होतेस. त्यानं तुला न सांगता, आपल्या मनानं आत नमदा घातला. निजामाच्या रिसाल्यातल्या घोड्याच्या खोगिराखालचा, त्याच्या बापानं पेटीत जपलेला, दाबलेल्या लोकरीचा, अर्धं बोट जाड. एका जोडापुरताच उरला होता. तू चाकूरला होतास म्हणून डबा माझ्याकडं दिला आणि बजावलं, आठ दिवस आधी पोचवा, पाय बसायला पाहिजे. त्या साली माझी टाच ठणकत होती. घरी येऊन डबा उघडला. नमदे चिकटवलेले नव्हते, नुसते बसवलेले होते. ते काढून माझ्या बुटात घातले आणि उभा राहिलो. पायाला इतकं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं. मग डबा आठ दिवस कपाटात ठेवला आणि स्पर्धेच्या सकाळी मैदानावर तुझ्या हातात दिला. तू वाकून माझ्या पाया पडलास. माझे पाय तेव्हा तुझ्या नमद्यावर होते.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नव्हतं. बूट नमद्यासकट मापाचा होता. नमदा गेला आणि टाच आत खालीवर व्हायला लागली. पहिल्या दिवशी फोड आले. दुसऱ्या दिवशी मोज्याला रक्त लागलं. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात तुझ्या तळव्याची शीर गेली, चढाई करणाऱ्याचा पाय रेषेबाहेर पडला आणि तू दोन पावलं मागं होतास. समितीतल्या एकानं विचारलं, याला झालं काय? मी म्हणालो, "अनवाणी वाढलेला पाय हाय तो. बुटात कसा टिकंल?" सगळे हसले. तूही हसलास. तू ते खरं मानलंस, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. पळता येईना म्हणून खेळाची मास्तरकी सोडून तू सासुरवाडीला, भोकरला कारकुनी करायला गेलास. मला एकदाही विचारलं नाहीस.

मला पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. झाला असता तर चार वर्षं कशाला थांबलो असतो? राज्याच्या यादीवर माझं नाव आहे, दिल्लीपर्यंत जाऊन आलो, तिथंही तुझे नमदे पायात होते.

सव्वीस तारखेला तोंडी आणि प्रात्यक्षिकाचा मुख्य परीक्षक मी आहे. विशाखाचे गुण माझ्या हातात आहेत. हे धमकीसारखं वाटेल. वाटू दे, मी ते खोडत नाही. तिला काही न सांगता पाठवलंस तर तिला तिच्या कामाचे गुण मिळतील. सांगितलंस तर तिच्या तोंडावरून मला लगेच कळेल, मग पाठवू नकोस. तुमचा एस.टी.चा खर्च तरी वाचेल.

सोबतच्या पुडक्यात नमदे आहेत. त्यांना माझ्या पायाचा आकार आलाय, तिच्या बुटात घालू नकोस. तुझ्या वस्तू तुझ्याकडं असाव्यात, एवढंच.

ज्यानं तुला उभं राहायला शिकवलं तो,
ईश्वरप्पा


अहमदपूर,
२८ एप्रिल १९८७

श्री. भीमराव यांस,

तू तिला सांगितलंस. आणि सांगूनही पाठवलंस. यातलं एक काहीतरी करशील असं मी धरून चाललो होतो, दोन्ही करशील असं वाटलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत मी सगळ्यांना एक प्रश्न ठरलेला विचारतो, पंचाचे बूट कसे असावेत? बाकीची पोरं सांगतात, पांढरे. विशाखा खुर्चीत ताठ बसून बोलली. माप संध्याकाळी द्यावं, अंगठ्यापुढं जागा असावी, टाच गच्च असावी, आधी पंधरा दिवस वापरावेत. माझ्या पत्रातला शब्द न् शब्द. मग पिशवीतून नमदे काढून तिनं टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या बुटातून काढलेलं काही आत नसावं, सर. बाबांनी हे परत दिलेत. म्हणाले, आता ते त्यांच्याच पायाचे झालेत."

माझ्या जोडीचे दोघे परीक्षक, मलप्पा आणि दुसरे, हसले. पोरगी विनोदी आहे, असं त्यांना वाटलं. दोघांनी तिला तोंडीत पैकीच्या पैकी दिले.

दुपारी इतरांना दोन-दोन सामने दिले, तिला सलग चार दिले. ऊन असं होतं की चुन्याच्या रेषेकडं बघवत नव्हतं. तू लिंबाखाली काठी टेकून उभा होतास, मला नमस्कार केला नाहीस. मी चारही सामने तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही, फक्त पायांकडं बघत होतो. कुठं लंगडते, कुठं टाच उचलून धरते, कुठं एक पाऊल मागं राहते. एकदाही नाही. चौथ्या सामन्याच्या शेवटच्या चढाईला ती पहिल्या चढाईसारखीच पळत होती. निजामोद्दीननं घोंगडीचे तुकडे खरंच शिवून टाकले होते. उदगीरला तू असाच पळत होतास.

निकालाची प्रत सोबत जोडली आहे. लेखी आणि तोंडीत ती पहिली आहे. प्रात्यक्षिकात तिला दोन गुण कमी पडले, म्हणून नापास. शेऱ्याच्या रकान्यात मी "हालचाल मंद" असं लिहिलं. मलप्पा म्हणाला, "मंद? ही पोरगी?" मी म्हणालो, वीस वर्षं मैदान बघतोय मी. त्यानं सही केली.

तुझ्याकडं माझ्या हातची दोन पत्रं आहेत. वाटेल तिथं ने. नेण्याआधी एवढा विचार कर की पुढच्या एप्रिलात ती पुन्हा बसेल, आणि परीक्षक मीच असेन. बूट चांगले झालेत. तेल लावून, कागद भरून ठेवायला सांग, वर्षभर टिकतील.

पुडकं तुला पाठवल्यापासून तीन आठवडे माझी टाच पुन्हा ठणकत होती, सकाळी जमिनीवर पाय टेकवत नव्हता. परवा परीक्षेहून घरी आलो आणि नमदे बुटात घातले. आता अजिबात दुखत नाही.

ईश्वरप्पा
राज्य पंच